अक्काताईनं भिंत राखली

कोल्हापूर,
२ मार्च २००४

लाडक्या शेवंतास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा मायेचा जय भीम. लेकाकडं माझं बरं चाललंय. गुडघा दुखतोय, पण काम अडत न्हाई. तुझा खोकला कसा हाय? सून औषध आणून देती न्हवं?

इथं चित्रकलेच्या श्रुतीबाईंनी आम्हा सात म्हाताऱ्यांकडनं समाजमंदिराच्या भिंतीवर आमचीच चित्रं काढून घेतली. मी खुरपं घेऊन उभी हाय. पोरी म्हणायच्या, "आजी, हात थरथरतोय, घरात बसा की." तरी दहा दिवसांत भिंत भरली.

मग मंडळाचा सेक्रेटरी सुधाकर चुन्याची बादली घेऊन आला. म्हणाला, "म्हाताऱ्यांची तोंडं कोण बघणार? इथं मंडळाचं नाव घालायचंय."

तेवढ्यात त्याची आई अक्काताई काठी टेकत आली. दोन वर्षं तिला कुणी घराबाहेर आणलं नव्हतं. कडेला उरलेल्या जागेत भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "श्रुती, माझ्याभोवती रेघ ओढ. सुधाकर, मग चुना मार."

तो म्हणाला, "आई, ऊन लागंल, सावलीला चल."

"लागू दे. आधी रेघ होऊ दे."

त्यानं बादली खाली ठेवली. साडीचा हिरवा रंग अक्काताईनं स्वतः भरला. काल सगळी गल्ली बघायला आली, तवा सुधाकरच सांगत होता, "ही माझी आई."

वय झालं म्हणून बचत गटात तुला बोलवत न्हाईत, असं कळलं. पुढच्या मीटिंगला न बोलवता जा, आणि पुढं बस.

तुझी ताई,
हौसा