लाल पाकिटातले पैसे

इम,

मी कोर्टात चालले आहे. पेज झाकून ठेवली आहे, खारवलेलं अंडं फडताळात आहे. खाऊन घे.

१९९३ साली गाइक चूकडून उसने घेतलेले पैसे मी तिच्या मुलाच्या लग्नात फेडले, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. पांढरं पाकीट मयताला देतात म्हणून लाल पाकिटात घातले, एवढीच माझी चूक. आता म्हणते, "तो तर आहेर होता गं! उसने अजून बाकीच आहेत." आणि मला दिवाळखोर ठरवा म्हणून अर्ज करते! चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून माहजोंग खेळलेली बाई. किळस येते मला. दिवाळखोर ठरले तर देशाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तिकडे इंडोनेशियात, मेदानला नातीचं बाळंतपण आहे.

काल तिच्याच सुनेनं मला आहेराची वही आणून दिली. "मावशी, मला लाज वाटते," म्हणाली. माझ्या नावापुढे अकरा हजार तीनशे पंचाहत्तर रिंगिट लिहिलेत, म्हणजे व्याजासकट उसन्याचीच रक्कम. आपल्या चिनी लोकांत लग्नाला सम आकडाच शुभ, विषम कोण देतं? हे न्यायाधीशांनी तिला माझ्यादेखत विचारावं.

वकील म्हणतो, पुन्हा पैसे भरून मोकळ्या व्हा. तूही तेच म्हणतेस. मी एक सेनसुद्धा देणार नाही.

तुझी सोन्याची बांगडी शोधत बसू नकोस, ती माझ्या हातात आहे. घरी ठेवली असती तर दुपारपर्यंत तू ती विकून आली असतीस.

तुझी थोरली बहीण