अर्धा मिलिमीटर

अंधेरी,
१६ मार्च १९८६

चि. श्यामकांत यास आशीर्वाद.

बुधवार, बारा मार्च, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी तुझा खडीचा ट्रक जोगेश्वरीच्या खाणीच्या उतारावरून न थांबता खाली आला आणि सोनूबाई पाटीसकट त्याच्याखाली गेली. खारदांड्याहून येऊन ती अकरा वर्षं माझ्या दारात मासळी विकत होती. मला तोंडावर कंजूष म्हणायची हिंमत तिच्याखेरीज कुणात नव्हती.

तू पोलिसांना सांगितलंस की ड्रायव्हर धोंडू प्यालेला होता. धोंडूला तुझ्याकडे मीच पाठवला होता, संपात त्याची गिरणी गेली तेव्हा. आज तो कोठडीत आहे आणि त्याला जामीन राहायला कुणी नाही. त्याची बायको प्रेमा काल माझ्याकडे येऊन बसली होती. म्हणाली, नवरा शिव्या देतो, रमी खेळतो, सगळं कबूल. पण दारूच्या नुसत्या वासानं त्याला ओकारी येते.

तिनं आणखीही सांगितलं. सोमवारी तुझ्या गॅरेजात त्या लिलावातल्या जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाला नवा ब्रेक सिलिंडर बसवला. जुन्या नळीचा नट त्यात हातानंच सरसर आत गेला, पण ऑइल पाझरत राहिलं. तेव्हा तुझ्या बाळा मिस्त्रीनं नळाला गुंडाळतात तसा धागा गुंडाळला, वर सफेदा फासला आणि नट आवळला. धोंडू म्हणाला, एक दिवस गाडी उभी राहू दे, कुर्ल्याहून जोडीचा नट आणतो. तू त्याला म्हणालास, एवढी अक्कल होती तर इंजिनिअर व्हायचं होतंस, स्टिअरिंग कशाला धरलंस.

प्रेमाला यातलं काही कळलेलं नाही. मला कळलं. एकोणतीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. ट्रक इंचाच्या आट्यांचा, सिलिंडर मिलिमीटरच्या. असा नट शिरतो, पण धरत नाही. ब्रेक म्हणजे मोरीचा नळ नव्हे, की गळला तर खाली बादली लावली. पेडल हळू दाबलं तर धागा निभावून नेतो. जिवाच्या भीतीनं पाय मारला की नट उपटून येतो, आणि जुन्या गाडीत एका चाकाचं ऑइल गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात.

हे असंच झालं की नाही, एवढं कळव. शुभाला आणि जयंतीला आशीर्वाद. तुला द्यायचे की नाही ते उत्तर आल्यावर बघेन.

वनमालाअक्का

मुलुंड,
२० मार्च १९८६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुभानं दोन दिवस लपवून ठेवलं होतं, माझं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून. वाढलंच. लहानपणापासून तू मला फळ्यासमोर उभं करत आलीस. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्स परवडल्या.

होय, धागा गुंडाळला. मुंबईतल्या निम्म्या जुन्या गाड्या धाग्यावर चालतात. त्या दिवशी खडी पोचली नसती तर कंत्राट गेलं असतं. आता पोलिसांत माझं नाव आलं की गॅरेजला टाळं लागेल, सहा माणसं रस्त्यावर येतील. आमच्या जयंतीचं लग्न मे महिन्यात ठरलंय. मुलाकडचे आतापासूनच वाकडं बोलायला लागलेत. धोंडूचा पहिलाच गुन्हा, फार तर वर्षभर जाईल. तोवर त्याच्या घरी तांदूळ पाठवीन. मी कसाई नाही, अक्का.

एक तू विसरलेली दिसतेस. फेब्रुवारीत मी तुला पत्रानं विचारलं होतं, की ब्रेकच्या नव्या सिलिंडरला जुना नट चालेल का. तुझं कार्ड आलं. ते माझ्याजवळ आहे. तू लिहिलंयस, ‘फरक अर्ध्या मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरनं कुणी मरत नाही, तू तर मुळीच नाहीस.’ बाळा कां कूं करत होता तेव्हा मी तेच कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. म्हटलं, स्टोअर्सवाल्या अक्काचं सर्टिफिकेट आहे, लाव.

हे कार्ड मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. दाखवावं असं तुलाही वाटत नसणार. तेव्हा झालं ते झालं म्हण आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्यामकांत

अंधेरी,
२४ मार्च १९८६

श्यामकांत,

कार्ड माझंच. पोस्टात उभ्या उभ्या लिहिलं. मागे रांग होती. ते वाक्य सुचलं आणि मी स्वतःवरच खूष झाले. तू पत्रात ‘ब्रेक’ लिहिलं होतंस आणि मी ते वाचलं होतं. उत्तर देण्यापेक्षा तुला टोचण्यात मला जास्त रस होता.

शनिवारी जोगेश्वरीच्या चौकीमागे तुझा ट्रक पाहून आले. हवालदार म्हणाला, आजी, भंगार घ्यायचंय का. मी चाकामागे वाकले. नळी लोंबत होती, तिच्या टोकाला नट होता. आटे तुटलेले नव्हते, नुसते घासून गुळगुळीत झाले होते. सफेदा अजून ओला होता.

तिथून खारदांड्याला गेले. सोनूबाईच्या लेकीला, सुगंधाला सगळं सांगितलं, माझ्या कार्डासकट. तिनं विचारलं, अर्धा मिलिमीटर म्हणजे केवढा. मी नखावर दाखवला. तिनं नखाकडे पाहिलं, मग म्हणाली, आता उठा बाई, माझे ओले बोंबील ऊन लागून नासतील.

तू कसाई नाहीस हे मला ठाऊक आहे. मीही नाही. तरी एक बाई मेली आणि एक माणूस आपल्या जागी आत बसलाय. त्याच्या पोरांना तुझे तांदूळ गोड लागतील असं तुला वाटतं, म्हणजे कमाल आहे. जयंतीला मी कडेवर खेळवलंय. तिचं लग्न मोडलं तर मला घरातलं मरण आल्यासारखं होईल. तरीही.

माझा जबाब लिहून तयार आहे. तुझी दमदाटी वाया गेली, कारण कार्डाचा मजकूर मी स्वतःच त्यात उतरवलाय. कार्ड फाडू नकोस, कोर्टाला अस्सल लागेल. आता तुझ्या हस्ताक्षरात हवं: नट सैल असल्याचं धोंडूनं सांगितलं होतं, गाडी बाहेर काढायला तू भाग पाडलंस, आणि तो प्यालेला नव्हता. आणि त्याला जामीन तूच राहशील, हेही.

सुनावणी बुधवारी, दोन एप्रिलला आहे. तुझं लेखी उत्तर सोमवारी, एकतीस मार्चला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. शुभाचा निरोप नको, फोन नको. आलं, तर मंगळवारी आपण दोघं बरोबर चौकीत जाऊ आणि मी तुझा हात धरीन. नाही आलं, तर मी एकटी जाईन आणि माझ्या नावाखाली तुझं नाव लिहून देईन. पाचपर्यंत मी दाराशी बसून आहे.

वनमाला