गच्चीवरचं लेझर

३ फेब्रुवारी
नागपूरच्या कॉलेजातून लेझरचं यंत्र आलं. महिनाभर माझ्या गच्चीवर चाचणी. हवेतल्या केमिकल रिॲक्शन नीट मोजल्या, तर खामगावचं हवा तपासायचं कायमचं केंद्र इथेच होणार. जन्मभर केमिस्ट्री शिकवली. रिटायर झाल्यावर का होईना, कदर झाली.
लेझरची रेघ कठड्यावरच्या आरशाला लागून परत येते. वाटेत प्रकाश जितका कमी झाला, तितकी हवेत भानगड. बायकोला, शरयूला, समजावलं. ती मेथी निवडत होती.
यंत्राला हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. आधी पूजा, मग रीडिंग. रोज. शिस्त म्हणजे शिस्त.

४ फेब्रुवारी
रीडिंग भयंकर! शेजारच्या मोतीरामची तेल गिरणी, दुसरं काय. हा धूर सोडणार, उन्हात त्याची रिॲक्शन होणार आणि ते आम्ही हुंगायचं. नालायक माणूस. जाऊन सुनावलं. बसा सर, चहा घ्या, म्हणाला. घेतला. राग कायम.

९ फेब्रुवारी
शरयू म्हणते, गच्चीवर धुराने ठसका लागतो. तरी मी सांगत होतो! ती काहीतरी पुढे बोलणार होती. विज्ञानात लुडबूड नको म्हटलं.

१७ फेब्रुवारी, अमावस्या
गिरणी बंद. अमावस्या म्हणून उदबत्तीचा अख्खा पुडा लावला, वर धूप. रीडिंग आजवरचं सगळ्यात जास्त!! म्हणजे हा चोरून गिरणी चालवतो. भिंतीला कान लावला. आवाज नाही. किती पोचलेला आहे बघा. नगरपालिकेत तक्रार ठोकली.

२४ फेब्रुवारी
पालिकेचा माणूस गिरणी तपासून गेला. काही सापडलं नाही म्हणे. चहा पाजला असणार. मलाही पाजला होता, मी विकला गेलो नाही.
शनिवारी नागपूरच्या इरा मॅडम निकाल द्यायला येणार. मोतीरामलाही बोलावलंय. सगळ्यांसमोर त्याचं तोंड काळं करतो.

२८ फेब्रुवारी
मॅडम लवकर आल्या. मी आंघोळीत. वर गेलो तर यंत्र सुरू, आणि हवा स्वच्छ! माझं डोकं फिरलं. म्हटलं, पूजेशिवाय कसं चालेल? उदबत्ती लावली. आकडा टणकन वर. "बघा!" मी मोतीरामकडे बोट दाखवलं.
मॅडमनी उदबत्ती विझवली. थोड्या वेळाने आकडा खाली. पुन्हा लावली. वर.
"सर, हे रोज करत होता?"
"एकही दिवस चुकवला नाही," मी म्हटलं.
शरयू जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते रात्रीपर्यंत ठरलं नाही.

६ मार्च
केंद्र मोतीरामच्या गच्चीवर होणार. कट आहे, उघड आहे. यंत्र गेलं तेव्हा त्याची रिकामी जागा दोनदा झाडली. धूळ फार होती.
संध्याकाळी मोतीराम आला. "सर, यंत्राची पूजा तुमच्याच हातानं व्हाले पाह्यजे. मले दुसरं कोनी चालत नाही."
बघतो म्हटलं. भाव खाल्ला. चप्पल घालता घालता तो थांबला.
"फक्त उदबत्ती आनू नका."