माझ्या टाक्यांविषयी खुलासा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हटलं तरी तो कागदावरच घालतो आहे, वाकायला डॉक्टरांनी बंदी केली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिन्याशी त्यांचं अजून भांडणच आहे, की आता अबोला धरलाय? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी तिच्या देखरेखीखाली ठीक आहे.

पत्राचं कारण म्हणजे तुझा परवाचा फोन. तुझ्या कानावर आलेली बातमी शब्दन् शब्द खरी होती आणि तरीही साफ खोटी होती. उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेल्या माणसाबद्दल अशी बातमी सुटावी आणि ती दुरुस्त करायला त्याला जागा मिळू नये, हे मला सहन होत नाही. तेव्हा खुलासा असा, की मला टाके पडलेले नाहीत. मी टाके घातले आहेत. लोकरीचे.

आता मुळापासून सांगतो. माझा हर्निया तुला माहीत आहेच. ('पोटात गोळा आला' हा वाक्प्रचार मी कितीतरी पुस्तकांत नजरेखालून घातला, पण तो एक दिवस इतका शब्दशः अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.) ऑपरेशन करायचं हे नक्की आहे, पण रक्तदाब उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, आणि ऑपरेशनचा नुसता विषय निघाला तरी माझा रक्तदाब चढतो. असे आम्ही दोघं, डॉक्टर आणि मी, एकमेकांची वाट बघत बसलो होतो. शेवटी ते म्हणाले, हाताला काम आणि डोक्याला आराम असं काहीतरी शोधा. तुझ्या भावजयीने त्याच संध्याकाळी कपाटातून तू मागे विसरून गेलेल्या सुया काढल्या आणि माझ्यासमोर लोकरीचा गुंडा ठेवला. साधा मफलर विणायचा. सगळे टाके सुलट. ओळ संपली की काम उलटं धरायचं आणि पुन्हा सुलट. पिशवीत मावतं, बसल्या जागी करता येतं, डोकं लागत नाही. शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून जरा जास्तच खात्रीने म्हटलं.

अक्का, डोकं लागत नाही हे तुम्हा विणणाऱ्यांचं म्हणणं झालं. माझं आयुष्य गेलं ओळी वाचण्यात. विणकामातही ओळी असतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी सुयांना हात लावला नसता. दहा ओळी विणून झाल्या की मी चष्मा पुसून त्या वरून खाली वाचायला घेई, आणि तिसऱ्या ओळीत एखादा उलट टाका सुलटांच्या मेळ्यात बसलेला दिसे, दीर्घाच्या जागी ऱ्हस्व पडावा तसा. मग काय, उसव. पुन्हा विण, पुन्हा वाच, पुन्हा उसव. मफलर वीतभर होई आणि पुन्हा बोटभर. तुझी भावजय म्हणाली, इतक्या मेहनतीत गावाला मफलर झाले असते. (मी मनात म्हटलं, चुकीचे झाले असते.)

आणि खरं सांगू, उसवताना मला बरं वाटायचं. मफलर जमला तर मन शांत होणार, मन शांत झालं तर रक्तदाब उतरणार, आणि रक्तदाब उतरला की मी टेबलावर. म्हणजे ज्या सुयांनी मी विणत होतो त्यांनीच मी आत जायची तारीख जवळ आणत होतो. इतकं कळल्यावर कुणाला शांत वाटेल, तूच सांग.

दवाखान्यातही पिशवी घेऊन गेलो. तिथल्या बाकावर बसून विणताना गुंडा मांडीवरून सुटला आणि खुर्च्यांखालून निघाला. मला वाकायची बंदी. समोरच्या जाड्या गृहस्थांनी पाय वर घेतले, त्यांच्या शेजारणीने छत्रीच्या टोकाने तो अडवायला जाऊन उलट पुढे ढकलला, आणि एका पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बाईंनी दुसऱ्या पायाने त्याला लाथ मारली. हळूहळू सगळा दवाखाना माझ्या लोकरीत गुंतला. मग ते सगळे मिळून गुंडा गुंडाळत बसले, कुणी धरतंय, कुणी सोडवतंय, आपापली दुखणी सांगतायत. नर्सबाई म्हणाल्या, आज पहिल्यांदाच कुणी नंबर कधी येणार म्हणून विचारलं नाही. फक्त माझा रक्तदाब तेवढा नेहमीपेक्षा वर निघाला.

आता तुझ्या फोनकडे येतो. तुझ्या सूनबाईंनी सहज चौकशीला फोन केला होता. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून तुझी भावजय काय बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं. "सकाळी तीस टाके घातले. दोन सुटले. मग सगळंच उसवलं आणि परत घातले. आता हे गप्प बसलेत." मी हे ऐकलं आणि मला त्यात एकही चूक सापडली नाही. तिकडे सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं असेल, याची कल्पना नव्हती. आणि पाठोपाठ तुझा फोन. तू एवढंच म्हणालीस, "मला न सांगता आत गेलास?" आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी ओरडून लोकर, लोकर म्हणत होतो. ते तुला कळलं, तू हसलीस, मला शिव्याही घातल्यास. पण अक्का, तू रडत होतीस. तुझं रडणं मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं.

बाबांना आत नेलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून तुझ्या हातात दिला होता. नीट धर, बाहेर आलो की लागेल, असं म्हणाले. मी तुझ्या बाजूलाच उभा होतो, पण मी लहान, म्हणून चष्मा तुझ्याकडे. तो परत घ्यायला ते आले नाहीत. त्यानंतर तू कुणालाही भेटायला हॉस्पिटलची पायरी चढली नाहीस, सुनेच्या बाळंतपणातही नाही, आणि आम्ही कुणी तुला त्यावरून बोललो नाही. मला भीती वाटते, अक्का. हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे आजकाल काहीच नसतं, असं मला भेटेल तो सांगतो. पण आत जाताना चष्मा काढायला लावतात, आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे मला ठरवता येत नाही. रक्तदाब तिथे चढतो. सुरीचं मला फारसं काही नाही.

तुझा फोन ठेवल्यावर मी विणायला घेतलं. नेहमीसारखं वाचून बघितलं, सहाव्या ओळीत एक उलट टाका होता. सुई तिथवर नेली, आणि का कोण जाणे, राहू दिला. उसवलं असतं तर तुझ्या आवाजानंतर विणलेल्या ओळीही गेल्या असत्या, आणि त्या ओळी मला बऱ्या वाटत होत्या. त्या दिवसापासून मी मागे वाचत नाही. मफलर आता हातभर झाला आहे.

तेव्हा काळजी नसावी. गुडघे सांभाळ, आणि माझ्यासाठी इतक्या लांब येण्याची मुळीच तसदी घेऊ नकोस. घरातल्या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या वयाप्रमाणे नमस्कार किंवा आशीर्वाद वाटून दे.

तुझा,
(सध्या तरी बिनटाक्यांचा)
धाकटा

ता. क. काल रक्तदाब पाहिला. उतरला आहे. नर्सबाईंनी दोनदा मोजून पाहिला, मी तिसऱ्यांदा मोजा म्हटलं तर नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी येत्या सोमवारची सकाळ दिली आहे.

आणखी ता. क. वर 'तसदी घेऊ नकोस' असं लिहिलं आहे, ते प्रुफात राहिलेली चूक समजून खोडावं. रविवारी ये. चष्मा मी तुझ्या भावजयीकडे देईन, तुझ्या हातात देणार नाही. तुझ्या हातात सुया देणार आहे. बाहेरच्या बाकावर बसून मी येईपर्यंत विणत राहा. उलट टाका दिसेल, त्याला हात लावू नकोस.

शेवटचं. मफलर तुझ्यासाठीच आहे. रंग तुला आवडणार नाही. लांबी पुरेशी झाली असं वाटलं तरी टाके बंद करू नकोस. ते कसे करतात मला येत नाही, आणि बाहेर आल्यावर मला ते तुझ्याकडून शिकायचं आहे.