तुमचा हीरो मला कधीच आवडला नाही

बाबा,

तुमचा हीरो मला कधीच आवडला नाही. तुम्ही होतात तेव्हा मी हे बोलले नाही, कारण तुम्ही त्याच्यासारखा भांग पाडायचात आणि कारखान्यात लोक तुम्हाला त्याच्या नावाने हाक मारायचे. आता भांग पाडायला तुम्ही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. मराठीत लिहिते आहे, चुका असतील. शाळा हिंदी माध्यमाची होती आणि ती तुम्हीच निवडली होतीत.

त्याचा सिनेमा लागला की तुम्ही शिफ्ट बदलून घ्यायचात. दारात उभे राहून फोनवर मित्राला सांगायचात, "भिया, मेरी सेकंड तू कर ले, पिक्चर लगी है." मग स्कूटरवर पुढे मी उभी, मागे आई. देवासचं ते टॉकीज आता नाही, तिथे कपड्यांचं शोरूम आहे. पण मी आत्ताही तिथे बसलेली आहे, पत्र्याच्या खुर्चीचा गार दांडा हाताला लागतो आहे, आणि तो पडद्यावर यायच्या आधी तुम्ही माझा हात दाबून म्हणता, "बघ आता." मी बघते. पोट सुटत आलेला एक माणूस हातात दोन वह्या घेऊन मोटारसायकलवरून कॉलेजात येतो आहे. टॉकीजभर शिट्ट्या. मी तुम्हाला विचारते, "बाबा, हा नापास होत राहिलाय का?" तुम्ही इतके हसलात की पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या कारखान्याला सांगितलंत. मी विनोद केला नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तो अजूनही कॉलेजात आहे, बाबा. आता त्याचे केस काळे करतात, मान झाकणारी कॉलर लावतात आणि नायिका माझ्याहून लहान असते. राग आला की नाक फुगवतो, प्रेमात पडला की मान वाकडी करतो, दुःख झालं की कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे चेहऱ्याने काही करायचं काम उरत नाही. याला लोक स्टाइल म्हणतात. मी नोकरीला पीथमपुरच्या कारखान्यात जाते, तिथल्या शिफ्ट-बसमध्ये रोज सकाळी कुणीतरी मोबाइलवर त्याचा सिनेमा मोठ्याने लावतं. मी कानात इयरफोन घालून बसते, त्यात काहीच चालू नसतं. एकदा शेजारचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आपको तो कुछ पसंद ही नहीं आता." मी म्हटलं, "आता है. ठीक बना हो तो."

मी ब्रेकच्या चाचण्या करते. ट्रकचे, बसचे. तुमच्या लाडक्या सिनेमात घाटात ट्रकचे ब्रेक फेल होतात, तो पुन्हा पुन्हा पेडल दाबतो, तोंडावर घाम येतो, आणि शेवटी दारातून उडी मारून खालच्या गवताच्या गंजीवर पडतो. तुम्ही तेव्हा उभे राहिला होतात. आम्ही ज्या ट्रकांची चाचणी घेतो, त्यांत ब्रेक हवेवर चालतात. हवा गेली की आतली स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं जाम होतात. गाडी थांबते. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही उभे राहिलात, त्या क्षणी तो ट्रक रस्त्यात उभा असायला हवा होता आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला हवे होते. लोक म्हणतात सिनेमात एवढं बघायचं नसतं. का नसतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ट्रकचं मी सोडूनही देईन. बायकांचं सोडत नाही. या सिनेमांत नवरा मेला की पुढच्याच दृश्यात शिलाई मशीन येतं. बाई पांढरं नेसते, मशीन चालवते, खोकते, आणि मुलगा मोठा होईपर्यंत तिला दुसरं काही नको असतं. भूक नाही, झोप नाही, चिडचिड नाही, कुणी आवडणं तर नाहीच. आपल्या आईला बटण लावता येत नाही. तुमच्या शर्टांची बटणं तुम्हीच लावायचात, खिडकीशी बसून, दोरा दातांनी तोडत. तुमच्यानंतर ती एका शाळेच्या केमिस्ट्री लॅबमध्ये कामाला लागली. पहिल्या महिन्यातच ॲसिडने साडीला भोकं पाडून आली आणि ती मला कौतुकाने दाखवली. मोरचुदाला ती अजून नीला थोथा म्हणते, पण कुठल्या क्षाराची ज्योत हिरवी येते ते तिला माझ्याहून पटकन सांगता येतं. असली बाई मी कुठल्याही सिनेमात पाहिलेली नाही. लोकांना ती बघायची नसते. तिकीट काढून रडायचं असेल तर मशीनच लागतं.

तुम्ही गेलात ती दुपार तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. कॉलनीत म्हातारं माणूसच नव्हतं. सगळे नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, आईवडील गावाकडे ठेवून. प्रत्येक घरात तिशी-चाळिशीतले दोघं आणि एक-दोन शाळकरी मुलं. माणूस गेल्यावर घरात काय करतात हे विचारायला कुणी नव्हतं, आणि त्याच्या आधी त्या कॉलनीत कुणी गेलेलंही नव्हतं. सिनेमे मात्र सगळ्यांनी पाहिले होते. शेजारच्या काकूंनी कुठूनतरी पांढरी साडी आणली. काका, तुमचा भाऊ, दाराशी उभा राहून रडत होता, आणि रडता रडता त्यालाच आठवलं. "वहिनी," तो म्हणाला, "बांगड्या." दोन बायकांनी आईचे हात धरले आणि चौकटीवर आपटले. हात तिने स्वतःच पुढे केले होते. तिला वाटलं असंच असतं. काच मनगटात गेली. मग एकच धावपळ, कापूस, हळद, कुणाकडे पट्टी आहे का. काचा मी झाडल्या, कारण झाडू माझ्या हाताशी होता.

दुसऱ्या दिवशी खानदेशातून थोरल्या आत्या आल्या. त्यांनी आधी आईचं मनगट पाहिलं, मग साडी.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडे फोडत नाहीत. मी हळूच काढून घेतल्या असत्या. आणि हे पांढरं काय नेसवलंय हिला? आपल्यात कोण नेसतं पांढरं?"

 काका आत्यांच्या टेम्पोवाल्याचे पैसे द्यायला म्हणून बाहेर निघून गेला. मी भिंतीशी बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळे आदल्या दुपारी सिनेमा करत होते. खऱ्या हातांवर. तुमच्या हीरोवर माझा राग नाही, बाबा. राग यायला समोर माणूस लागतो. पण तेव्हापासून असलं दृश्य आलं की मी उठून पाणी प्यायला जाते.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपासून धारचे एक सर आईच्या शाळेत प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला येतात. बाकीचे परीक्षक पोहे-जिलेबी कधी येते ते बघतात. हे आपल्या परीक्षानळ्या स्वतः धुतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घराणं जुनं, पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचं मराठी मला अर्धं समजत नाही; ते "आपण अंमळ बसावं" म्हणतात आणि मी उभीच राहते. गेल्या हिवाळ्यात आई पोह्यात शेव घालता घालता म्हणाली, "धारचे सर विचारत होते."

"काय?"

"लग्नाचं."

"कुणाच्या?"

"माझ्या. तुझं तर तू काढूच देत नाहीस."

मी शेवेचा डबा बंद केला आणि माझी बस चुकली.

मग आम्ही तिघं सिनेमाला गेलो. आईनेच ठरवलं, आणि लागलेला होता तुमचाच हीरो. मध्यंतराच्या आधीच सर झोपले. हात मांडीवर, मान सरळ, तोंड मिटलेलं, जणू कुणी त्यांना तसं ठेवून गेलं होतं. त्या सिनेमावर मी ऐकलेलं ते सर्वांत प्रामाणिक मत होतं. आईने पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "झोपू दे. पेपर तपासून आलेत."

"तुला राग नाही आला? बाबांचा हीरो आहे."

"मला तो कधी आवडलाच नाही गं," आई म्हणाली, पॉपकॉर्न खात. "तीन तास कुणी चहा मागायचं नाही, म्हणून जायचे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुझे बाबा खूश व्हायचे. मी त्यांच्याकडेच बघत बसायचे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या अंधारात तो फक्त मलाच आवडत नव्हता.

रविवारी काका-काकू आले. काका बसला नाही. एक हात भिंतीवर ठेवून तुमच्या फोटोकडे तोंड करून उभा राहिला. बोलताना तो जिथे जिथे थांबत होता तिथे तुमचा हीरो थांबतो. सिनेमात तिथे व्हायोलिन वाजतं, आपल्याकडे फ्रिज वाजला.

"वहिनी, मी समाजाचं म्हणत नाही," तो म्हणाला. "समाज गया भाड़ में. मी दादाचं म्हणतोय. याला मी काय तोंड दाखवू?"

"अहो, बसा ना, चहा गार होतोय," काकू म्हणाल्या.

"ज्या घरातून माझ्या दादाची अर्थी निघाली, त्याच घरातून वहिनीची डोली..."

"काका, डोली नाही," मी म्हटलं. "धारला बस जाते. इंदूरला बदलावी लागते."

"तू चूप बैठ. इंजिनिअर झाली म्हणून घरातल्या गोष्टीत बोलायचं नाही."

मी आणखी बोलणार होते. माझ्याकडे बरंच होतं, क्रमाने लावलेलं. पण आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि काकाच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीवाल्याशी बोलते तसा.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात आणि मी हात पुढे केले. मला माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत नव्हतं, म्हणून मी तो विषय कधी काढला नाही. आता मला माहीत आहे."

काकाने हात भिंतीवरून काढला. तो कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. मग तो बसला आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायला. निघताना, चपला घालता घालता, वर न बघता त्याने विचारलं, "तो धारवाला पिक्चर-बिक्चर तरी बघतो का?"

"बघतात," आई म्हणाली. "झोपून."

काकाने तोंड फिरवलं. हसला की नाही ते मला दिसलं नाही. लग्नाला येईन असं तो म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही.

कलेक्टर कचेरीत लग्नाची नोटीस लागली आहे. मुदत संपली की साक्षीदार म्हणून मी सही करेन. आई एकेक वस्तू हातात घेऊन ही न्यायची की ठेवायची ते ठरवते आहे, पातेली बहुतेक मला ठेवते आहे, जणू मी स्वयंपाक करणार आहे. परवा तिने मध्येच थांबून विचारलं, "तुझं होईल ना नीट?" मी म्हटलं, "न व्हायला काय झालं? पीथमपुरहून आलं की जेवायचं आणि झोपायचं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि कुकरची शिट्टी शोधायला लागली. मी बरोबर बोलले असं मला वाटतं. ज्या बाजूने मी बोलते आहे ती बरोबर आहे, हेही मी तपासून पाहिलं आहे.

पण ती जाऊ नये असं मला वाटतं, बाबा. दुसरं कारण नाही. संध्याकाळी दार उघडायला आत कुणीतरी असावं, एवढंच. हे तिला कळलं तर ती सगळी पातेली परत फळीवर लावेल आणि धारला फोन करून नको म्हणेल. म्हणून तिला सांगणार नाही. तुम्हाला सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही.