चोरीला इंग्रजीत काय म्हणावं, याबद्दल दाजींस

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार (कंबरेने संप पुकारल्यामुळे या खेपेला उभ्यानेच घातला आहे, तो आडवा धरून घ्यावा). आपली आणि ताईची प्रकृती चांगली असेलच. आपली नवी कवळी हिरड्यांना टोचते असं ताई मागे म्हणाली होती, ती आता नीट बसली असावी. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर म्हणतात, कवळी दिवसभर तोंडातच असलेली बरी, काढून ठेवायची सवय लागली की हिरड्या आक्रसतात आणि मग ती आपली राहत नाही. तेव्हा कुठे ठेवूनबिवून देऊ नये. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर माझं डोकं फिरलेलं आहे, जेवण जात नाही, आणि आमची ही म्हणते की सगळी वाफ माझ्यावर काढण्यापेक्षा दाजींना पत्र लिहा, ते शांतपणे ऐकून घेतील.

तर दुकानातलं बाबांचं पितळी कुलूप चोरीला गेलं. आपण मागच्या महिन्यात राहून गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. (आपलं जाणं आणि कुलूप जाणं यांचा संबंध जोडण्याइतका मी खुळा नाही.) आपण ते पाहिलेलंच आहे. पाहिलंय कशाला, आपण निघायच्या दिवशी दुपारी मी जेवून लवंडलो असताना दुकानात त्याच्या समोरच बसला होतात. बाबांनी ऐन उमेदीत स्वतःच्या हाताने केलेलं, लहान कलिंगडाएवढं, आत त्यांनी एक गुप्त खोड घालून ठेवलेली, त्यामुळे नुसत्या किल्लीने ते उघडत नाही. दुकान ते केवढं! दोघं आत उभे राहिले तर तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या, किल्ल्या कापायचं यंत्र, पितळेचा भुसा इतका की रात्री चपलांतून घरी येतो आणि आमची ही तो झाडताना आमचं खानदान झाडते. पण त्या सगळ्या पसाऱ्यात, मागच्या खुंटीला ते कुलूप लटकत असलं की गिऱ्हाईक आपोआप आवाज खाली आणायचं. त्या संध्याकाळी आपल्याला गाडीत बसवून मी थेट घरी गेलो, आणि सकाळी दुकान उघडलं तर खुंटी मोकळी. बाकी सुईसुद्धा हललेली नाही. दाराचं कुलूप जसंच्या तसं.

मी काय केलं असतं? आपण केलं असतंत तेच केलं. चौकीला फोन लावला आणि ओरडलो, "रॉबरी! रॉबरी!" (इथे परप्रांतात चौकीत मराठी चालत नाही, इंग्रजी लागतं, आणि घाईत माणसाला जो शब्द पाठ असतो तोच तोंडातून येतो.) दाजी, पाणी पिऊन होतं न होतं तोच भोंगे वाजवत दोन गाड्या आल्या. छातीला जाड जाकिटं, कमरेला पिस्तुलं. रस्ता बंद केला. समोरचा छत्रीवाला आपल्याच छत्र्यांखाली जाऊन बसला, तो तासाभराने मी हाका मारल्यावर बाहेर आला. साहेबांनी मला विचारलं, किती जण होते, सुरा होता की पिस्तूल, तुम्हाला कुठे लागलंय? मी सांगितलं, कोणी नव्हतं, मी घरी झोपलो होतो. मग धमकी कोणी दिली? म्हटलं, धमकी बायकोने दिली, आंघोळ केल्याशिवाय चहा नाही म्हणून. साहेबांचा चेहरा असा झाला की आता मलाच आत घालतात. रॉबरी म्हणजे समोर उभं राहून, दम देऊन किंवा मारून हिसकावून नेणं, हे त्यांनी मला भर रस्त्यात, छत्रीवाल्याच्या देखत शिकवलं. माझी वस्तू गेली आणि शिकवणी मलाच! चौकीवर येऊन नीट तक्रार लिहा म्हणाले आणि भोंगे न वाजवता निघून गेले.

मी रागारागात चौकीवर गेलो आणि कागद मागून स्वतःच्या हाताने लिहिलं, "सम्बडी स्टोल माय शॉप." तिथल्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुकान कुठे नेलं ते विचारलं. घरी आल्यावर सूनबाईंनी (त्या शाळेत इंग्रजी शिकवतात, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आता आमच्या सगळ्या गल्लीलाही झालं आहे) खुलासा केला की स्टील करतात ती वस्तू, रॉब करतात तो माणूस किंवा दुकान. म्हणजे माझं कुलूप स्टील झालं, पण मी मात्र स्टील होऊ शकत नाही, मला कोणी उचलून नेलं तर त्याला वेगळाच शब्द आहे. मी म्हटलं, ही कसली भाषा! आपल्याकडे चोर येतो, चोरतो, जातो, विषय संपला. त्यावर सूनबाई पोळपाटावरची नजर न काढता म्हणाल्या, "बाबा, दरोडा, घरफोडी, वाटमारी, उचलेगिरी, अफरातफर हे सगळं आपलंच आहे ना?" सून हुशार असावी, नाही असं नाही, पण सासऱ्याचा संताप थोडा निवेपर्यंत तिने थांबायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कॉम्प्युटरपुढेच बसवलं. गुन्ह्याचा प्रकार निवडा, म्हणे. निवडल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकत नाही. आणि आता माझी खरी पंचाईत ऐका. बर्गलरी निवडावी, तर ती घरफोडी, म्हणजे कोणीतरी बंद जागेत घुसायला हवं. बाई म्हणाल्या, पण तुमचं कुलूप तर तुटलेलं नाही, मग ते तुम्हीच विकता ते कुलूप चोराने आरामात उघडलं असं लिहू का? दाजी, तीस वर्षं मी ज्या कुलपाची छातीवर हात ठेवून हमी देतो, ते उघडलं असं मी सरकारदरबारी लिहून देऊ? उद्यापासून लोक माझ्याकडे किल्ल्या करायलासुद्धा येणार नाहीत. बरं, नुसतं थेफ्ट म्हणावं, तर दुकान उघडं टाकून मालक घोरत होता असा अर्थ होतो. शॉपलिफ्टिंग म्हणजे गिऱ्हाईक बनून आलेल्याने डोळ्यांदेखत माल लांबवणं, म्हणजे मी आंधळा. पिकपॉकेटिंग म्हणावं तर कलिंगडाएवढं कुलूप मावेल असा खिसा कोणत्या शिंप्याने शिवला? जो शब्द उघडावा तो माझीच अब्रू घेऊन निघत होता. कुलूप एकदाच गेलं, अब्रू शब्दागणिक गेली.

शेवटी यादीच्या तळाशी मला एक शब्द दिसला. एम्बेझलमेंट. अर्थ कळला नाही, पण वजन कळलं. जडशीळ, भारदस्त, थोडा पितळेसारखा वाजणारा. म्हटलं, बाबांच्या कुलपाला शोभेल असा हाच. मी त्याच्यावर बोट ठेवलं, यंत्र पुढे सरकलं, आणि मी मोठ्या समाधानाने घरी येऊन भरपूर जेवलो. (ते माझं शेवटचं भरपूर जेवण.)

त्या शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळला. ज्याच्यावर विश्वासाने वस्तू सोपवली त्यानेच ती गिळणं, म्हणजे कुंपणानेच शेत खाणं! साहेब आले ते माझ्याशी न बोलता थेट कानसकाकांकडे गेले. कानसकाका आपल्याला आठवतातच. बाबांच्या हाताखाली आले तेव्हा मिसरूडही नव्हतं, तेव्हापासून त्याच स्टुलावर बसून किल्ल्या घासतात, म्हणून त्यांचं हे नाव. त्यांचं खरं नाव साहेबांनी विचारलं तेव्हा मीसुद्धा ते पहिल्यांदाच नीट ऐकलं. त्या दुपारी दुकानात कोण होतं, कुलूप कोणाच्या ताब्यात होतं, किल्ल्या कोणाकडे असतात, असं एकेक. काका खाली मान घालून एवढंच म्हणत राहिले, "मला काही माहीत नाही." साहेब गेले. मी शब्दाची चूक समजावून सांगायला लागलो, तर काकांनी हातातली किल्ली पुरी घासली, गिऱ्हाइकाला दिली, अंगातला एप्रन काढला आणि त्या मोकळ्या खुंटीला अडकवला. दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि दोर मी माझ्या बोटाने ओढला.

मला राग कोणाचा येत नाही ते विचारा. त्या यंत्राचा येतो, त्या भाषेचा येतो, चोराचा तर इतका येतो की समोर आला तर वयाचा मान ठेवणार नाही. पण सगळ्यांत जास्त येतो त्या एप्रनचा. तो तिथे लटकतो आणि मला दिवसभर पाहतो. मी घासलेल्या किल्ल्या कुलपात जातात, फिरत नाहीत. गिऱ्हाईक किल्ली परत आणून हळूच ठेवतं, ते जास्त लागतं. चौकीवर जाऊन मी तक्रार बदलून घेतली. बाईंनी निमूटपणे बदलली, पण ती बदलल्याचं काकांना काय? मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं. आतून काका म्हणाले, "मला ते इंग्रजी येत नाही. मराठीत सांगा, मी चोर आहे का?" मी म्हटलं, नाही हो काका. "मग चोर कोण, तेही मराठीत सांगा." दार लागलं. काय सांगू दाजी, आयुष्यभर बंद दारं उघडून दिली, त्या एका दारापुढे नुसता उभा राहिलो.

असो. आपल्यासारख्या शांत, वडीलधाऱ्या माणसाजवळ मन मोकळं केलं की बरं वाटतं. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हवा बदलते आहे, जपून राहावं.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. परवा रात्री आपला फोन आला होता. आपण सहज विचारलंत की एखाद्या मित्राच्या कपाटाला जुनं पितळी कुलूप लागलं आणि ते किल्लीने उघडेना, तर काय करावं. चोराच्या मनात चांदणं, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं. मग लक्षात आलं की आपण कुलपाला "फुलूप" म्हणत होतात आणि किल्लीला "फिल्ली." मित्राचं कपाट बंद झालं तर आपली कवळी कशी गेली, दाजी? (साखरेच्या डब्यालाही कुलूप लावणारा माणूस कवळी कुठे ठेवत असेल, हे मला सूनबाईंना विचारावं लागलं नाही.) वर प्रकृतीची चौकशी केली ती याच कारणाने.

ता. क. दुसरा. कुलपाचं आपण त्या दिवशी फार कौतुक केलंत तेव्हा मी "आपलंच समजा" म्हणालो होतो, हे मला मान्य आहे. जावयाला सगळेच म्हणतात. आजवर समजणारे आपण पहिले. अशा नेण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी सूनबाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "बॉरो." परत देणार असतील तर!

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिण्याचं कारण. ते कुलूप कसं उघडतं ते मला येतं. पण मी सांगणार नाही. आपण कपाटासकट यावं, टेम्पो मी पाठवतो. उतरायचं ते काकांच्या दारात. त्यांना मराठीत सांगायचं, "कुलूप मी नेलं." मग काका ते उघडून देतील, खोड त्यांनाही ठाऊक आहे, आणि आपण जेवाल. तोवर पेज घ्यावी.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवणार इतक्यात आमची ही काकांच्या घरून आली. काकूंनी तिला सांगितलं की त्या दुपारी आपण कुलूप पंच्यात गुंडाळून पिशवीत घातलंत, तेव्हा काका स्टुलावरच होते आणि त्यांनी ते पाहिलं होतं. साहेबांनी इतकं खोदून विचारलं, तरी ते बोलले नाहीत. मालकांचे जावई आहेत, म्हणाले, त्यांना चोर कसं म्हणू? तेव्हा दाजी, त्यांच्या दारात बोलताना कवळी नाही म्हणून पुटपुटू नका. शब्द स्पष्ट उच्चारा.