कणगीतली तीन पिल्लं

फाल्गुन वद्य द्वितीया, शुक्रवार. फसली १३२७

कणगीत ज्वारी न्हाई, पिल्लं! तीन! डोळे नुकते उघडलेले!

पिलेगापायी दोन महिने रानात खोपीत काढून आज गावात आलो. उंदीर पडायचे थांबले, घरांतून चुना फिरला, दवंडी झाली, तवा कुठं कुलूप काढलं. घरभर धूळ अन् जाळी. कणगीवरचं फाटकं गोधडं उचललं तर आतून चीं चीं. मला वाटलं उंदीरच — अशी वरडले! केसर, माझी सून, जळतं लाकूड घेऊन धावली. बघते तर ही!

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. आमचं घर कितवं, तिलाच ठाऊक. केसर म्हणली, "आत्याबाई, हात लावू नका. माणसाचा वास लागला की आई टाकून देती." न्हाई लावला. दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली.

फाल्गुन वद्य तृतीया, शनिवार

आई आली न्हाई. पिल्लं गार पडायला लागली. मग कसला वास अन् कसलं काय! घेतली पदरात.

शेजारची छबुबाई आली. छबू अन् मी एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गल्लीत आलो. चाळीस वर्षं झाली, तिच्या चुलीतला इस्तू माझ्या चुलीत अन् माझा तिच्या. पिल्लं निरखून बघितली. मग म्हणली, "आई करडी व्हती का गं? पांढऱ्या पायांची? येशीबाहेर बाभळीखाली मेलेली पाहिली म्या. तुझी शप्पत, मनकर्णा."

पिल्लं पदरात आणखी जवळ घेतली. जाताना म्हणली, "एक नात मिळाली तवर ह्या तिघी! हौस फिटती का न्हाई तुझी?" मी हसले. हसायला नको होतं. तिचा नातू बंकट खोपीतच गेला, काखेत गाठ येऊन. दोन वर्षांचं लेकरू. त्याच आठवड्यात आमच्या खोपीत सारजा जन्मली. एकाच रानात, एकीकडं पाळणा अन् एकीकडं माती. तरी पाचवीला छबूच आली, सारजाची दृष्ट तिनंच काढली. असं मन लागतं!

फाल्गुन वद्य चतुर्थी, रविवार

छबूनं शेळीचं दूध आणून दिलं. न मागता! कापसाचा बोळा करून पाजलं. चुटूचुटू आवाज करतात, ऐकतच बसावं. केसर म्हणली, "सारजा रडतीय तिकडं, अन् तुमी इथं." सारजाला आई हाय की! ह्यांना कोण हाय?

नावं ठेवली. एक लई मऊ, म्हणून मऊ. एक एवढीशी, तिचं नाव चिमटी. तिसऱ्याचं नाव तहसीलदार! काम काही करत न्हाई, नुसता वरडतो, अन् आधी त्याचंच पोट भरावं लागतं. गहिनीनाथ जेवताना हसून ठसकला. म्हणला, "आई, हळू बोल. चावडीवर ऐकू गेलं तर लेकाची पाटीलकी जाईल."

ही वही त्याचीच. अर्धी चावडीच्या कामात गेली, उरलेली पानं माझी. माझा बाप पोथी वाचायचा, त्याच्या मांडीवर अक्षरं शिकले. जोडाक्षराला अजून अडते. चालतंय. वाचणार कोण हाय!

फाल्गुन वद्य षष्ठी, मंगळवार

चौघीजणी पिल्लं मागून गेल्या. उंदराची दहशतच बसलीय गावात. भिवराबाई तर म्हणली, "मांजरीला मी सुनेच्या आधी वाढीन!" तिची सून मागंच उभी होती. मी म्हणले, आधी जगू द्या. मग बघू कोणाचा हात मऊ हाय.

चिमटी दूध ओढत न्हाई. छबूला विचारावं म्हणून गेले तर ती दारातच आडवी. आत ये म्हणली न्हाई. "डाल्याखाली कोंबडी खुडूक बसवलीय गं, पायरव झाला की उठती." दूध मात्र वाटीभर जास्त दिलं.

फाल्गुन वद्य सप्तमी, बुधवार

चिमटी गेली. ओंजळीत होती. तुळशीच्या आळ्याशेजारी पुरली.

फाल्गुन वद्य अष्टमी, गुरुवार



दुपारी दोन्ही पिल्लं पदरात घेऊन छबूकडं गेले. चिमटीचं तिला सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाला सांगणार? ओट्यावर चढले अन् तहसीलदार वरडला. तर आतून त्याला जबाब आला!

मी म्हणले, "छबू, ही कसली गं कोंबडी?"

ती म्हणली, "जा घरी, मनकर्णा."

मी ढकलून आत गेले. डाल्यावर पाटा ठेवलेला. पाटा ढकलला, डालं उचललं. करडी. पांढऱ्या पायांची. गळ्यात दोरी. अन् आचळं — दगडासारखी! तटतटून लाल झालेली. आमच्यापासून भिंतीपलीकडं दूध साचून बाई कण्हत होती, अन् मी इकडं बोळ्यानं पाजत होते!

"माझी शप्पत खाऊन खोटं बोललीस?"

छबू खाली बसली. म्हणली, "बंकटच्या उशाला उंदीर मरून पडला व्हता. आता घरात त्याची तान्ही बहीण राहिलीय. मांजर मला पाहिजे व्हती."

"मग पिल्लांसगट मागायची! मी न्हाई म्हणले असते का?"

"पिल्लं असली की फिरती ती. सात घरं फिरती. मला माझ्याच घरात पाहिजे व्हती."

"मग दूध कावून आणायचीस?"

बेइमान! चिमटीच्या पोटात तुझं दूध गेलं अन् तिच्या आईचं तू अडवलंस. मांजर मेली तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं म्हणतात. तिच्या पिल्लाला काय द्यावं लागतं?

दोरी कापली. मांजर घेऊन घरी आले. पिल्लं अशी लुचली, अशी लुचली! मी रडले अन् हसले. केसर म्हणली, "आत्याबाई, एक काय ते करा."

चैत्र पाडवा, शुक्रवार

गुढी उभारली. छबूची गुढी भिंतीवरून दिसते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरची कडुनिंबाची गोळी खाल्ली न्हाई. तिनं केसरच्या हाती गाठी पाठवली, सारजासाठी. परत धाडली.

करडी आता माझ्या पायांत घोटाळते. भाकरी कुस्करून दुधात देते. तिला तरी इमान हाय.

चैत्र शुद्ध तृतीया, रविवार

इमान! सकाळी कणगी रिकामी. मानेला धरून दोन्ही घेऊन गेली. गल्ली पालथी घातली. भिवराबाईकडं न्हाई, देवळात न्हाई. शेवटी केसर खबर घेऊन आली — छबूच्या घरात! त्याच डाल्याशेजारी, तिच्या तान्हीच्या गोधडीवर!

जिनं बांधलं तिच्याच घरी गेली. मी पदरात ऊब दिली, मी दोरी कापली, अन् मला पाठ दाखवली. छबूनं निरोप धाडला, "सांग तुझ्या सासूला, ह्या वक्ताला दोरी न्हाई. दार उघडं हाय. तिनं बी यावं."

न्हाई जाणार. दोघी एकाच माळेचे मणी.

चैत्र शुद्ध पंचमी, मंगळवार

आज पाळण्याच्या दोरीवरून उंदीर उतरला. जिता, हाताएवढा. सारजा झोपली होती. मी ताट फेकून मारलं तर कणगीमागं शिरला. केसर पोरीची काख चाचपत बसली. मी पण चाचपली. काही न्हाई. परत चाचपली.

चैत्र शुद्ध षष्ठी, बुधवार

करडी एकटीच आली, दुधाच्या सवयीनं. पीत होती तवाच वरून डालं ठेवलं. डाल्यावर पाटा. पाळणा जवळ ओढून घेतला.

दुपारी छबू दारात. पदरात तहसीलदार, वरडून वरडून घसा बसलेला. "मनकर्णा, बोलू नको माझ्याशी. एवढंच सांग, करडी आली व्हती का?"

आत केसर जात्यावर बसली होती. मोठ्यानं ओव्या म्हणायला लागली.

"न्हाई गं," मी म्हणले. "तुझी शप्पत."